जुन्या इंग्रजीचे कोश: बडोद्याच्या दप्तरावर घासून पाहिलेले

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत एक गंमत दिसते. रुमालात बांधलेले कागद सोडले की मोडीतले पान लोक लगेच जाणकाराकडे नेतात, कारण मोडी आपल्याला येत नाही हे त्यांना पक्के माहीत असते. त्याच रुमालातला इंग्रजी हुकूम, रेसिडेन्सीचे (म्हणजे दरबारी नेमलेल्या इंग्रज प्रतिनिधीच्या कचेरीचे) पत्र किंवा घराचा भाडेपट्टा मात्र स्वतःच वाचतात. इंग्रजी तर येतेच! चुका होतात त्या नेमक्या या दुसऱ्या गठ्ठ्यात.

शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतला अनोळखी शब्द तसा निरुपद्रवी असतो. ‘मेस्युएज’ किंवा ‘हेरेडिटामेंट’ दिसला की वाचणारा थांबतो आणि कोश काढतो. मग कळते की पहिला म्हणजे परसू आणि जोडखोल्यांसकट घर, आणि दुसरा म्हणजे वारशाने जाऊ शकणारी मिळकत. दगा देतो तो ओळखीचा शब्द. ‘डाइड विदाउट इश्यू’ याचा अर्थ कटकट न होता वारला असा नाही. निःसंतान वारला असा आहे, आणि दत्तकाच्या सगळ्या प्रकरणाचा खुंटा त्या एका शब्दावर असतो. ‘डिमाइज्ड प्रिमायसेस’मध्ये कोणी मेलेले नसते, ती पट्ट्याने दिलेली जागा असते. ‘रेलिक्ट’ म्हणजे विधवा. ‘सेन्सिबल ऑफ’ म्हणजे शहाणा नव्हे, जाणीव असलेला. ‘वाँट ऑफ फंड्स’ म्हणजे पैशाची हाव नव्हे, तूट. दरबाराच्या पत्रात ‘कंडिसेन्शन’बद्दल कोणी आभार मानले असतील तर तो टोमणा समजू नये. मोठ्याने मोठेपण बाजूला ठेवून आपुलकीने वागणे, असा तेव्हा त्याचा चांगला अर्थ होता.

‘नॅचरल’ शब्दाची तर दुहेरी गोम आहे. इंग्रज कुटुंबाच्या कागदात ‘नॅचरल सन’ म्हणजे बहुधा लग्नाबाहेरचा मुलगा. पण हिंदू दत्तकाच्या कागदात ‘नॅचरल फादर’ म्हणजे जन्मदाता बाप, दत्तक घेणाऱ्यापासून वेगळा दाखवण्यासाठी. एकाच काळातले कागद, शब्द एकच, अर्थ दोन. येथे कोशाने नुसता प्रतिशब्द देऊन भागत नाही. कोणत्या विषयात, कोणत्या काळात, कोणत्या जोडीने तो शब्द येतो हेही सांगायला हवे.

तारखांचेही तसेच. ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू महिना, ‘अल्टिमो’ म्हणजे मागचा, ‘प्रॉक्सिमो’ म्हणजे पुढचा. पत्रात हे बहुतेक वेळा पहिल्या तीन-चार अक्षरांवर आणि टिंबावर भागवलेले असतात. ५ मार्च १८८४ च्या पत्रात ‘तुमचे २८ अल्ट.चे पत्र’ असे असेल तर ते २८ फेब्रुवारीचे. घराण्याची टिपणे करताना हे ‘अल्ट.’ सुटले की उत्तर आधी आणि प्रश्न मागून असा उलटा पत्रव्यवहार तयार होतो, आणि मग लोक एखादे पत्र हरवले असे समजून ते शोधत बसतात.

तर कोशाची परीक्षा घ्यायची ती अशा शब्दांवर. मेजावर घ्यायचे मुख्य गडी चार: शॉर्टर ऑक्सफर्ड, चेंबर्स, हॉब्सन-जॉब्सन, आणि मोल्सवर्थ-कँडी ही जोडी. बाकीचे ओघात येतील.

शॉर्टर ऑक्सफर्ड

एकच कोश विकत घ्यायचा असेल तर हा घ्यावा. पहिली आवृत्ती १९३३ ची, सहावी २००७ ची. बहुधा दोन खंड. नाव ‘शॉर्टर’ असले तरी नव्या आवृत्तीचे दोन्ही मिळून साडेतीन हजारांहून जास्त पाने होतात, तेव्हा मांडीवर घेऊन वाचायची वस्तू ही नाही.

याचे मोठे बळ म्हणजे अर्थांचा क्रम. शाळकरी कोश आणि मोबाईलवरचे कोश आज रूढ असलेला अर्थ आधी देतात. शॉर्टर सगळ्यात जुना अर्थ आधी देतो आणि तिथून आजपर्यंत उतरत येतो. म्हणून पहिला अर्थ वाचून पान मिटणाऱ्याला हा कोश हमखास चुकीचे उत्तर देईल. नोंद शेवटपर्यंत वाचायची, प्रत्येक अर्थाचा काळ पाहायचा, आणि हातातल्या कागदाचे साल त्या काळात बसते का ते ताडायचे. साल नसेल तर आधी कागदाचे साल ठरवा, कोश नंतर.

काळ दाखवण्याची त्याची खूण शिकायला दोन मिनिटे लागतात, पण ती शिकल्याशिवाय हा कोश घेतल्याचे चीज होत नाही. चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९३ पासून, शतकाच्या आकड्याआधी ‘ई’, ‘एम’ किंवा ‘एल’ हे इंग्रजी अक्षर असते. ‘ई’ म्हणजे शतकाची ०० ते २९ ही वर्षे, ‘एम’ म्हणजे ३० ते ६९, ‘एल’ म्हणजे ७० ते ९९. तिन्ही भाग सारखे नाहीत हे लक्षात घ्या. मधला चाळीस वर्षांचा आहे. शिवाय ‘एल १८’ म्हणजे अठरावे शतक, म्हणजे १७७० ते १७९९. अठराशे सत्तर नव्हे. ही चूक इतकी सर्रास होते की कोशाच्या पुठ्ठ्याच्या आत एक चिठ्ठी चिकटवून ठेवावी.

त्याआधीच्या आवृत्त्यांत, विशेषतः १९४४ ची तिसरी आणि तिचे १९७३ चे सुधारित रूप, यांत सरळ साल छापलेले आहे. आमच्या मते संस्थानी कागदांसाठी ही तिसरी आवृत्तीच जास्त सोयीची. मोबाईल, इंटरनेट वगैरे शब्द तिच्यात नसतील, पण ते आपल्याला हवेतच कशाला? जुन्या पुस्तकांच्या दुकानात ती नव्या आवृत्तीपेक्षा स्वस्तही पडते.

दुसरी गोष्ट खुणांची. शब्दाआधी कट्यारीसारखी खूण असेल तर तो शब्द किंवा तो अर्थ मेला, आता कोणी वापरत नाही. ‘आर्क.’ असेल तर जिवंत आहे पण जुनाट वळणाचा. वकील, पाद्री आणि कवी वापरतात. ‘हिस्ट.’ असेल तर शब्द ठीक आहे, वस्तूच नाहीशी झाली. या तिन्हींत गल्लत करणारे बरेच. भाषांतरात तर हा फरक फार कामाचा: मेलेल्या अर्थाला आजचा साधा मराठी शब्द द्यावा, जुनाट वळणाच्या शब्दाला मराठीतलेच जुने वळण शोभते, आणि नाहीशा झालेल्या वस्तूला नाव तेच ठेवून एक ओळ खुलासा द्यावा.

‘लेट’ या शब्दावर हा कोश पाहा. ‘लेट’ दोन आहेत, मुळातच वेगळे. एकाचा अर्थ होऊ देणे, दुसऱ्याचा अडवणे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्यांची रूपे वेगळी होती, पुढे झिजून सारखी झाली. शॉर्टरमध्ये दोघांना स्वतंत्र नोंदी आहेत. दुसरा ‘लेट’ मेला असे वाटत असेल तर आपला भारतीय पासपोर्ट उघडा: पहिल्याच मजकुरात धारकाला ‘लेट ऑर हिंडरन्स’विना जाऊ द्यावे अशी विनंती आहे. टेनिसमध्ये जाळीला लागून गेलेल्या सर्व्हिसला म्हणतात तेही बहुधा हेच.

उणिवाही आहेत. हा कोश १७०० पासून पुढे चालत आलेली भाषा धरतो; त्याआधीच्यात शेक्सपिअर, मिल्टन आणि १६११ चे बायबल यांना जागा आहे, पण बाकी जे १७०० पूर्वीच मेले ते सापडेलच असे नाही. दुसरे, नव्या आवृत्त्यांत उदाहरणाच्या वाक्याखाली लेखकाचे नाव असते, साल नसते. म्हणजे अर्थ केव्हा सुरू झाला ते कळते, पण ते वाक्य केव्हाचे हे कळत नाही. त्यासाठी थोरल्या ऑक्सफर्डकडेच जावे लागते.

थोरला म्हणजे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. पहिला हप्ता १८८४ ला निघाला आणि काम पुरे झाले १९२८ ला. १९८९ ची दुसरी आवृत्ती वीस खंडांची. घरात ठेवणे अवघड. पण १९७१ साली पहिल्या आवृत्तीची एक बारीक टंकातली प्रत निघाली: मूळची चार पाने एका पानावर, दोन जाड खंड, खोक्याच्या वरच्या खणात भिंग. १९९१ च्या बारीक प्रतीत तर नऊ पाने एकावर आहेत आणि सगळे एकाच खंडात. वापरलेल्या पुस्तकांत मिळाली तर १९७१ ची घ्या, १९९१ ची डोळे पाहून घ्या. भिंग हरवलेले असणे हे जवळपास गृहीतच धरावे. भिंग वेगळे घेताना हातात धरायचे घेऊ नका. पानावर उभे राहणारे, दिवा असलेले घ्या. दहा मिनिटे हातभिंग धरले की हात थरथरतो आणि ओळ निसटते.

चेंबर्स

एडिंबरोचा हा कोश १९०१ पासून चालत आलेला, एका खंडातला. दुर्मीळ शब्दांची खैरात, शब्दकोडी सोडवणाऱ्यांचा लाडका. स्वभाव मिस्कील: एक्लेअर या मिठाईच्या व्याख्येत ती लांबीला मोठी आणि टिकायला छोटी असल्याची नोंद आहे.

बडोद्याच्या वाचकाला त्याचा खरा उपयोग मात्र वेगळाच. कंपनी सरकारच्या नोकरीत स्कॉटिश माणसे भरपूर होती. १८०२ साली बडोद्याला आलेला पहिला रेसिडेंट अलेक्झांडर वॉकर हा स्कॉटिशच. अशा माणसांच्या खाजगी पत्रांत ‘आउटविथ’, म्हणजे बाहेर, किंवा ‘यस्ट्रीन’, म्हणजे काल संध्याकाळी, असे शब्द आले तर चेंबर्स हाताशी हवा. स्कॉटिश शब्दांची त्याची भरती मोठी आहे. ‘ग्लोमिंग’ म्हणजे तिन्हीसांज, ‘थोल’ म्हणजे सोसणे, ‘स्विदर’ म्हणजे करू की नको अशी घालमेल.

पण शब्दाला काळ नाही. जुना आहे असे सांगतो, किती जुना ते सांगत नाही. वर लिहिलेल्या परीक्षेत म्हणून तो निम्माच पास होतो. आणखी एक अडचण: मूळ शब्दाच्या पोटात त्यापासून झालेले शब्द कोंबलेले असतात. वर्णक्रमाने शोधलेला शब्द जागेवर नाही म्हणून कोशात नाही असे समजू नका. त्याच्या मुळाखाली पाहा.

हॉब्सन-जॉब्सन

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा हा कोश १८८६ चा. विल्यम क्रुकने वाढवलेली दुसरी आवृत्ती १९०३ ची. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या तोंडी बसलेले देशी शब्द, त्यांची विकृत रूपे आणि प्रत्येकाखाली सालवार उतारे. हे उतारेच याचे वैभव. नावही तसेच: मोहरममधल्या ‘या हसन, या हुसेन’चे गोऱ्या शिपायांनी केलेले हे रूप.

घेताना १९०३ ची आहे का ते पाहावे. तिच्यात क्रुकची भर चौकोनी कंसात वेगळी दाखवलेली आहे आणि शेवटी शब्दसूची आहे. बाजारात १८८६ च्या आवृत्तीचीही पुनर्मुद्रणे फिरतात आणि एक अलीकडची निवडक आवृत्तीही आहे; ती वाचायला छान, कामाला अपुरी. सूची नसलेला हॉब्सन-जॉब्सन म्हणजे कुलूप आहे आणि किल्ली नाही. कारण यात आपलाच शब्द आपल्याला सापडत नाही. ‘गायकवाड’ पाहायचे तर ‘जी-यू-आय’ने सुरू होणाऱ्या ‘गुइकोवार’खाली जावे लागते. वंजारी आहे ‘ब्रिंजारी’खाली. कचेरीची सुरुवात ‘सी-यू’ने.

यावर एक तोडगा आहे. १८७० च्या दशकात हंटरची लिप्यंतराची पद्धत सरकारी कामात रूढ होईपर्यंत इंग्रज कानाला येईल तसे लिहीत. लांब ‘आ’साठी ‘ए-डब्ल्यू’ किंवा ‘ए-यू’, म्हणून डाकेचे ‘डॉक’ आणि घाटाचे ‘घॉट’ झाले. ऱ्हस्व ‘अ’साठी ‘यू’, म्हणून नजराण्याच्या नजरेचे स्पेलिंग ‘एन-यू’ने सुरू होते आणि पंचायतीचे ‘पी-यू’ने. ‘ई’साठी दोन ‘ई’, ‘ऊ’साठी दोन ‘ओ’, ‘क’साठी बहुधा ‘सी’. शब्द मोठ्याने म्हणायचा, मग मराठी न येणाऱ्या गोऱ्या सोजिराने तो कसा लिहिला असता ते डोळ्यांपुढे आणायचे आणि तिथे उघडायचे. दोन-तीन प्रयत्नांत सापडतो.

मराठी वाचकाने यातली ‘मोर-द-शिएन’ ही नोंद अवश्य काढून पाहावी. अक्षरशः फ्रेंच अर्थ कुत्र्याची मौत, आणि जुन्या प्रवासवर्णनांत हे पटकीचे नाव म्हणून येते. मूळ शब्द आपली ‘मोडशी’! मराठी-कोंकणीतून तो पोर्तुगिजांनी ‘मोर्देशीं’ असा उचलला, फ्रेंचांनी ऐकला आणि त्यात स्वतःच्या भाषेतला कुत्रा घुसडला. कोशात फक्त अर्थ असता तर ‘पटकी’ एवढेच कळले असते. मुंगसाच्या नोंदीत मात्र हा कोश जरा डळमळतो: तेलुगूकडे बोट दाखवून दख्खनी आणि मराठीचा नुसता उल्लेख करतो. ऑक्सफर्डचे कोश इंग्रजी ‘मंगूस’चे श्रेय मराठीला देतात.

दोष? व्युत्पत्ती जुन्या झाल्या आहेत, त्या शॉर्टरवर पडताळाव्यात. सूर अधूनमधून साहेबी आणि कुत्सित आहे. आणि महसूल, वतने, न्यायालय यांच्या शब्दांत तो तोकडा पडतो. त्यासाठी एच. एच. विल्सनचा १८५५ चा न्याय-महसुली शब्दांचा कोश पाहावा. त्यात देशी शब्द मूळ लिपीतही छापलेले असल्याने इंग्रजी वर्णावळीचा गोंधळ निम्मा मिटतो. १८८३ च्या बडोदा गॅझेटिअरमधले शिलेदार, पागा, इजारा यांचे शब्द लावताना विल्सन बाजूला असावा. दोघांतून एकच ठेवायचा असेल तर घरच्या कागदांसाठी विल्सन, वाचनाच्या आनंदासाठी हॉब्सन-जॉब्सन.

मोल्सवर्थ आणि कँडी

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश सगळ्यांना माहीत असतो: १८३१ चा, आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द. त्याचा उलटा भाऊ फार कमी लोक उघडतात. इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थने सुरू केला आणि टॉमस कँडीने पुरा केला. १८४७ चा, दुसरी आवृत्ती १८७३ ची.

जुन्या इंग्रजी शब्दाला जुना मराठी शब्द हवा असेल तर कँडीला तोड नाही. कारण दोन्ही बाजू एकाच काळातल्या आहेत. विशेषतः रोगांची नावे. जुन्या डॉक्टरी दाखल्यांत ‘ड्रॉप्सी’ म्हणजे जलोदर, ‘एग्यू’ म्हणजे हिवताप, ‘फ्लक्स’ म्हणजे हगवण, ‘लॉकजॉ’ म्हणजे धनुर्वात, ‘कन्झम्प्शन’ म्हणजे क्षय, आणि ‘किंग्ज ईव्हिल’ म्हणजे गंडमाळा. राजाच्या स्पर्शाने बरा होतो या समजुतीमुळे ते नाव पडले. इंग्रजी-इंग्रजी कोशातून आधी आजचे डॉक्टरी नाव आणि मग त्यावरून मराठी असा वळसा घेतला की जुन्या नावाचा ढिलेपणा हरवतो. ‘एग्यू’ म्हणजे थंडी वाजून येणारा ताप. तो दर वेळी आजचा मलेरियाच असेल असे नाही. जुन्या मराठीतल्या ‘हिवताप’ या शब्दात तो सैलपणा होता.

कँडीचा दोष असा की एका इंग्रजी शब्दाला तो मराठी शब्दांची माळ देतो आणि कोणता कुठे शोभतो ते वाचकावर सोडतो. उपाय सोपा: कँडीत मिळालेला शब्द मोल्सवर्थमध्ये उलटा पाहायचा. तिथल्या इंग्रजी व्याख्येत आपला मूळ शब्द किंवा त्याचा जवळचा अर्थ आला तर जोडी जुळली. नाही आला तर माळेतला पुढचा शब्द घ्यायचा. ही दोन्ही पुस्तके आंतरजालावर फुकट वाचता येतात. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात मोल्सवर्थ शब्द टाइप करून शोधताही येतो. छापील प्रत हवीच असेल तर मोल्सवर्थचे पुण्याहून निघालेले पुनर्मुद्रण अजून हाती लागते. विसाव्या शतकाच्या आरंभीचा नी. बा. रानडे यांचा इंग्रजी-मराठी कोश कँडीपेक्षा मोठा आणि नीटस आहे. १९०० नंतरच्या कागदांसाठी आधी तो उघडावा.

येथे बडोद्याच्याच एका कोशाचे नाव घेतले पाहिजे. १९३१ चा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’, राज्यकारभारातल्या शब्दांचा, आठ भाषांतला. इंग्रजी शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी आणि बंगाली प्रतिशब्द शेजारी शेजारी. तो अर्थ समजावत नाही, प्रतिशब्द देतो. म्हणून अर्थ आधी शॉर्टरमधून पक्का करायचा आणि मग संस्थानात त्याला काय म्हणायचे ठरले ते यात पाहायचे. विकत मिळण्याची आशा धरू नये. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत किंवा विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात संदर्भ विभागात विचारावे. अशा विभागातले कोश घरी देत नाहीत, तेव्हा पाहायच्या शब्दांची यादी, कागदाचे साल आणि शब्द आला ते पूर्ण वाक्य लिहून न्यावे. नुसता शब्द लिहून नेणाऱ्याला दुसरी फेरी ठरलेली.

मोबाईल आणि आंतरजाल

फुकटात मिळणाऱ्यांत जॉन्सनचा १७५५ चा कोश आणि वेबस्टरची १९१३ ची आवृत्ती हे दोन खरोखर कामाचे. १८०० च्या आधीचे छापील पुस्तक असेल तर एक खबरदारी: तेव्हा शब्दाच्या सुरुवातीला व मध्ये येणारा ‘एस’ लांब काढत आणि तो ‘एफ’सारखा दिसतो. यंत्राने वाचलेल्या प्रतीत ‘सच’चे ‘फच’ होते. शोध लागत नसेल तर ‘एस’च्या जागी ‘एफ’ घालून पुन्हा शोधा; बऱ्याचदा सापडते.

‘विसरलेले सुंदर इंग्रजी शब्द’ अशा याद्या फिरत असतात, त्यांच्यावर मात्र विसंबू नये. पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मृद्गंधाला ‘पेट्रिकोर’ हा प्राचीन शब्द म्हणून मिरवतात. तो १९६४ साली दोन शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मधल्या लेखात घडवला. उलट ‘ओव्हरमॉरो’, म्हणजे येणारा परवा, खरोखर जुना आहे. १५३५ च्या कव्हरडेलच्या बायबलात सापडतो. इंग्रजीने तो टाकून दिला आणि आता ‘उद्याच्या नंतरचा दिवस’ असे लांबण लावते. ‘ईव्ह्जड्रॉप’ तर मराठी माणसाने लगेच ओळखावा: मूळ अर्थ वळचणीची पागोळी जिथे पडते ती जागा. तिथे भिंतीला चिकटून उभा राहून घरातले बोलणे ऐकणारा तो ‘ईव्ह्जड्रॉपर’.

छापील कोशही चुकतो, हे खरे. वेबस्टरच्या १९३४ च्या थोरल्या आवृत्तीत ‘डॉर्ड’ नावाचा शब्द घनता या अर्थाने छापला गेला. मूळ चिठ्ठी होती ‘डी ऑर डी’, म्हणजे घनतेसाठी मोठा किंवा लहान ‘डी’ वापरावा. कोणीतरी ती एक शब्द समजून जोडून वाचली. पाच वर्षांनी ती चूक लक्षात आली. म्हणून एकाच कोशात मिळालेला आणि उदाहरणाचे वाक्य नसलेला शब्द संशयितच समजावा.

मापांसाठी कोश उघडायचे, पण हिशेब स्वतः करायचा. इंग्रजी नकाशात क्षेत्र तीन स्तंभांत असते: एकर, रूड, पर्च. रूड म्हणजे पाव एकर, १२१० चौरस यार्ड, म्हणजे बरोबर दहा गुंठे. पर्च म्हणजे सव्वातीस चौरस यार्ड, पाव गुंठा. साखळी ६६ फुटांची. गुंठा म्हणजे अर्ध्या साखळीचा चौरस, ३३ गुणिले ३३ फूट. येथवर सगळे जुळते. विघ्याचे मात्र असे नाही. त्याचे माप मुलखामुलखात बदलते, तेव्हा कोशातला विघा उचलून आपल्या जमिनीला लावू नये. त्या गावच्या मोजणीच्या कागदावरून घ्यावा.

वापरलेली प्रत घेताना

शॉर्टरच्या जोडीत दोन्ही खंड एकाच आवृत्तीचे आहेत का ते आधी पाहा. वेगवेगळ्या आवृत्त्यांचे खंड जोडून विकलेले असतात आणि मधले शब्द गळतात. तिसऱ्या आवृत्तीचा पहिला खंड ‘मार्कवर्दी’ला संपतो आणि दुसरा ‘मार्ल’ने सुरू होतो; सहाव्या आवृत्तीत ही तोड ‘एम’ आणि ‘एन’च्या मध्ये आहे. तिसरीचा पहिला आणि सहावीचा दुसरा अशी जोडी पदरात पडली तर ‘मार्ल’पासून ‘एम’ संपेपर्यंतचे सगळे शब्द नाहीत. ‘मेस्युएज’ त्यातलाच. तिसऱ्या आवृत्तीची पुरवणी दुसऱ्या खंडाच्या शेवटी असते. ती फाटलेली नाही ना, हेही पाहावे.

पुठ्ठा उघडून खंड हातावर आडवा धरा. पानांचा गठ्ठा पुठ्ठ्यापासून लोंबत असेल तर शिलाई गेली. अशी प्रत दोन पावसाळे काढत नाही. घरी हे खंड उभे ठेवू नका, आडवे ठेवा, आणि भिंतीला टेकवू नका. बडोद्याच्या पावसाळी दमटपणात भिंतीकडच्या बाजूने आधी बुरशी धरते आणि मग कसर लागते. कडुनिंबाचा पाला पानांत घालण्याची घरोघरची पद्धत आहे. पाला पूर्ण वाळलेला असला तरच घाला, ओला राहिला तर त्याचाच डाग ‘डिमाइज’च्या नोंदीवर उमटेल.